बर्फातून आलेला मासा

तीर्थन नदीच्या काठी, गुशैणी गावाच्या थोडं वर, माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने एप्रिलच्या पहिल्या शनिवारी आयुष्यातला पहिला मासा धरला. जेमतेम वीतभर लांब. पिवळसर तपकिरी अंग, त्यावर काळे आणि तांबडे ठिपके, आणि ठिपक्यांभोवती फिकट कडी. ब्राउन ट्राउट. हात ओले करून मी तो पाण्यातच तिच्या ओंजळीत दिला, गळ सोडवला आणि म्हणालो, "बघून घे, मग सोडून दे."

तिने पाहिला, सोडला, आणि तो दगडाखाली दिसेनासा झाल्यावर विचारलं, "बाबा, हा इथलाच का?"

सवयीने 'हो' म्हणणार होतो. पण हा प्रश्न ती उगाच विचारत नाही हे मला माहीत आहे. तिची ही सहावी शाळा. प्रत्येक शाळेच्या फॉर्मवर 'मूळ गाव' असा रकाना असतो आणि त्यात ती 'कराड' लिहिते. कराडमध्ये तिने आजवर सगळ्या सुट्ट्या मिळून चार महिनेही काढलेले नाहीत. म्हणून मी खरं ते सांगितलं. "नाही. याचे पूर्वज स्कॉटलंडहून आले. बर्फात बसून."

तिथून जी गोष्ट सुरू झाली ती दोन दिवस पुरली. तीच आज इथे लिहितो आहे.

आधी थोडं आमच्या सहलीबद्दल. सध्या पोस्टिंग चंडीमंदिरला. हिमाचलात ट्राउटची मासेमारी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद असते, कारण तो त्यांचा अंडी घालण्याचा काळ. १ मार्चला पाणी उघडतं. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी मिळाली तेव्हा मी, बायको, लेक आणि कराडहून आलेली आई असे चौघे पहाटे निघालो. मंडीच्या पुढे औटजवळ मनालीचा रस्ता सोडला, लारजीला वळलो आणि बंजारमार्गे वर गेलो. खाली जर्दाळू फुलून गेले होते, वरच्या उतारांवर बुरांश लालभडक. ज्यांच्या घरी उतरलो त्यांनी तूप ओतलेला गरम सिड्डू समोर ठेवला आणि मला एवढंच सांगितलं, "साब, पानी का मिज़ाज देखकर उतरना."

फ्लाय फिशिंग मी शिकलो ते निलगिरीत, वेलिंग्टनला स्टाफ कोर्स करताना. हे कॉलेज मूळचं आपल्या देवळालीचं. तिथे १९०५ साली ते सुरू झालं, १९०७ला क्वेट्ट्याला गेलं आणि फाळणीनंतर वेलिंग्टनला आलं. पोस्टिंग फक्त माणसांनाच मिळतं असं नाही. तिथल्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने मला रविवारी पकडून ॲव्हेलांचच्या ओढ्यावर नेलं आणि चार रविवार नुसती दोरी फेकायला लावली. मासा पाचव्या रविवारी.

आपल्याकडच्या नेहमीच्या गळात वजन असतं शिशाच्या गोळीचं किंवा आमिषाचं. ते वजन पुढे जातं आणि दोरी मागून ओढली जाते. फ्लायचं उलटं आहे. आमिष म्हणजे गळाला दोऱ्याने बांधलेली चार पिसं. पाण्यावरच्या एखाद्या किड्याची ती नक्कल असते आणि तिला वजन जवळपास नसतंच. वजन दोरीत असतं. म्हणून फेकायची ती दोरी. काठी मागे न्यायची, थांबायचं, दोरी पाठीमागे पूर्ण उलगडू द्यायची आणि मगच पुढे. नवशिक्याची चूक एकच असते, तो थांबत नाही. लेकीनेही तेच केलं आणि तिसऱ्या फेकीत माझी टोपी गळाला लागली. आई काठावर बसून बघत होती. म्हणाली, "अरे, तुझे आजोबा कृष्णेवर गांडूळ लावून बसायचे. एवढा व्यायाम नव्हता त्यात."

मग मी काठी बाजूला ठेवली आणि लेकीला दगड उलटायला लावले. प्रत्येक दगडाखाली काही ना काही चिकटलेलं होतं. चपट्या अळ्या, आणि वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेल्या बारीक नळ्या. त्या नळीत एक अळी राहते. पुढे तिला पंख फुटतात, ती वर येते, आणि ट्राउट नेमका त्या क्षणी तिला टिपतो. मासा प्रवाहाकडे तोंड करून दगडाच्या आडोशाला उभा राहतो. पाणी त्याचं जेवण वाहून आणतं. म्हणून आपण खालच्या बाजूने, त्याच्या पाठीमागून जायचं. हे कळल्यावर तिची फेक आपोआप सुधारली. कारण आता तिला कुठे फेकायचं ते दिसत होतं.

आता बर्फाची गोष्ट.

ट्राउट थंड पाण्याचा मासा. पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्याचे हाल सुरू होतात. मग विषुववृत्त ओलांडून किंवा तांबड्या समुद्रातून त्याला जिवंत आणायचं कसं? उत्तर अंड्यात होतं. १० अंशांच्या पाण्यात ट्राउटचं अंडं साधारण सहा आठवड्यांत फुटतं. पाणी जितकं थंड, तितका उशीर. अंड्यात पिल्लाचे डोळे काळ्या ठिपक्यांसारखे दिसू लागले की ते बऱ्यापैकी काटक होतं आणि प्रवास सोसतं. म्हणजे ओल्या शेवाळात गुंडाळून बर्फाशेजारी ठेवलं तर अंड्याचं घड्याळ हळू करता येतं.

ही युक्ती मोठ्या प्रवासात पहिल्यांदा जमली १८६४ साली. जेम्स यूल नावाच्या माणसाने 'नॉरफोक' या जहाजावर बर्फाची खोली करून घेतली. पाइनच्या लाकडी पेट्यांमध्ये शेवाळ आणि अंडी भरून तो ऐवज जानेवारीत इंग्लंडहून निघाला आणि एप्रिलमध्ये मेलबर्नला पोचला. तिथून टास्मानियाला. खरं म्हणजे न्यायचा होता सॅमन. ट्राउटची अंडी निघता निघता थोडीशी सोबत दिली होती. सॅमन तिथे टिकला नाही, ट्राउट मात्र पसरला.

आपल्याकडचा पहिला प्रयत्न त्याच्याही आधीचा, आणि तो केला होता फौजेतल्या एका डॉक्टरने. फ्रान्सिस डे हे मद्रास सैन्यातले सर्जन. भारतातल्या माशांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झाला आणि अभ्यासक आजही तो उघडतात. १८६३ साली त्यांनी निलगिरीसाठी ट्राउटची अंडी मागवली. सुएझ कालवा अजून उघडायचा होता. अंडी वाटेत मेली. निलगिरीत ट्राउट खऱ्या अर्थाने रुजला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, एच. सी. विल्सन यांनी ॲव्हेलांचला उबवणी केंद्र उभं केल्यावर. तिथे टिकला तो रेनबो ट्राउट, मूळचा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा.

हिमालयातली कथा सुरू होते काश्मीरमध्ये. फ्रँक मिचेल हा स्कॉटिश माणूस श्रीनगरला गालिचांचा कारखाना चालवत असे. गादीवर होते महाराजा प्रताप सिंह. १८९९ साली ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी भेट म्हणून पाठवलेली अंडी उष्म्याने वाटेतच गेली. मिचेलने पुन्हा मागवली, आणि १९०० साली स्कॉटलंडहून आलेली खेप जगली. त्या काळी श्रीनगर गाठायचं म्हणजे आगबोट, मग रेल्वेने रावळपिंडी आणि पुढे झेलमच्या खोऱ्यातून टांगा. त्या टांग्यावरची शेवाळाची पेटी मला नेहमी डोळ्यांसमोर येते. दर टप्प्यावर बर्फ बदलणारे हात कोणाचे होते, हे कुठल्याही कागदावर नाही. असल्या सगळ्याच हकिकतींत साहेबांची नावं असतात, हमालांची नसतात. मीही वर साहेबांचीच नावं लिहिली आहेत, कारण मिळतात ती तेवढीच.

काश्मीरची पिल्लं दाचीगामच्या पाण्यात वाढली, हारवानला केंद्र झालं, आणि तिथली अंडी पुढे कुलूला आली. कुलू तेव्हा पंजाबच्या कांगडा जिल्ह्याचा उपविभाग होता. तिथले अधिकारी जी. सी. एल. हॉवेल यांनी १९०९ साली बियासच्या काठी, कटराईनजवळ महिली इथे उबवणी केंद्र काढलं. तिथून पिल्लं बियासच्या उपनद्यांत सोडली गेली. आमच्या लेकीच्या ओंजळीतला मासा हा त्या पिल्लांचा वंशज, खात्याच्या तळ्यातून मध्येमध्ये भर पडलेला.

"म्हणजे शंभर वर्षं झाली?" लेक म्हणाली. "मग तो इथलाच झाला ना?"

आई लगेच म्हणाली, "झालाच की. शंभर वर्षांत माणूस गावचा पाटील होतो."

मलाही तेच आवडलं असतं. पण गोष्टीची दुसरी बाजू होती आणि ती रविवारी सकाळी पुढे आली.

आमचे घरमालक नाश्त्यानंतर बोलत बसले होते. लेकीने त्यांना विचारलं, ट्राउट यायच्या आधी नदीत कोण होतं? ते म्हणाले, "गुगली." लेकीला आधी क्रिकेटची थट्टाच वाटली. पण मासा खरा आहे. हिमाचलात गुगली, कुमाऊं-गढवालकडे असेला. इंग्रजीत त्याला स्नो ट्राउट म्हणतात, पण ट्राउटशी त्याचं काही नातं नाही. तो आपल्या रोहू-कटल्याच्या गोतातला. त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं आणि तो दगडांवरचं शेवाळ खरवडून खातो. पिसांच्या माशीकडे तो सहसा ढुंकून बघत नाही. म्हणजे साहेबाच्या खेळात त्याला भाव नव्हता.

ट्राउटच्या हौशीत गुगलीचा विचार कोणी केला नाही. ब्राउन ट्राउट पिल्लं खातो, जागा बळकावतो. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने काढली आहे तिच्यात ब्राउन आणि रेनबो, दोन्ही ट्राउट आहेत. गुगलीची नोंद त्याच संस्थेच्या लाल यादीत 'असुरक्षित' म्हणून आहे. सगळा दोष ट्राउटचा नाही. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासे मारणं, हे सगळं त्यात आहे. पण ट्राउटचा वाटा आहेच.

आणि फक्त माशांचाच प्रश्न नव्हता. ट्राउटबरोबर परवाने आले, राखीव पाणी आलं, पहारेकरी आले. १८९७च्या मत्स्य कायद्याने पाण्यात स्फोटकं आणि विष वापरायला बंदी केली, ते योग्यच झालं. १९१४चा पंजाबचा कायदा त्याच वाटेने पुढे गेला. पण ज्या नदीत बापजादे जाळं टाकत आले तिथे आता कागद लागू लागला, आणि तो कागद मुख्यतः काठी घेऊन येणाऱ्या पाहुण्यांच्या सोयीचा होता.

इथे एक गैरसमजही काढून टाकतो, कारण मेसमध्ये तो हमखास ऐकू येतो. गळ टाकण्याचा छंद आपल्याला इंग्रजांनी शिकवला, असं नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' असं एक प्रकरणच आहे. मासे कोणते, त्यांना चारा कोणता, गळ आणि दोरी कशी, हे सगळं त्यात येतं. ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. इंग्रजीतलं गळावरचं पहिलं छापील पुस्तक १४९६चं. आणि मासे राखण्याची रीतही जुनीच. मंडी जिल्ह्यात जोगिंदरनगरजवळ मच्छयालला महासीर देवाचे म्हणून कोणी धरत नाही. आपल्या महाडजवळच्या वाळण कोंडीतही तसंच. तिथे परवाना नाही, पहारेकरी नाही. लोक कुरमुरे टाकतात आणि हात जोडतात.

हे सगळं ऐकून लेक गप्प झाली. मग म्हणाली, "मग तू त्याला परत का सोडायला लावलंस? गुगलीला त्रास देतो तर ठेवायचा ना."

फौजेत इतकी वर्षं काढल्यावर मला अवघड प्रश्नांना ठाम आवाजात उत्तरं देता येतात. या प्रश्नाला आलं नाही. नियमात बसेल एवढा तो मोठा नव्हता, हे खरं कारण. पण ती विचारत होती ते वेगळंच होतं. बाहेरून आलेल्याने राहायचं की नाही, असं काहीतरी. मी म्हणालो, "संध्याकाळपर्यंत विचार करून सांगतो."

दुपारी चौघेही नदीकाठाने चालत गेलो. ही नदी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधून येते. हे उद्यान २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिचं पाणी इतकं स्वच्छ की चार फूट खोलीवरचा खडा मोजता येतो. बायको मध्येच थांबून म्हणाली, "इथे आवाज फक्त पाण्याचा आहे, कळलं का तुला?" आणि मला उत्तर सापडलं.

शेजारच्या सैंज नदीवर जलविद्युत प्रकल्प आहेत. खाली बियासवर लारजीचं १२६ मेगावॅटचं धरण आहे. त्याच लारजीला तीर्थन आणि सैंज बियासला मिळतात, आणि एके काळी ती जागा मासेमारीसाठी प्रसिद्ध होती. आज तिथे स्थिर हिरवं पाणी आहे. तीर्थनवरही प्रकल्प ठरले होते. ते झाले नाहीत, कारण दरीतली माणसं उभी राहिली. बंजारचे आमदार राहिलेले दिलेराम शबाब त्यांच्या पुढे होते. निवेदनं झाली, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि शेवटी ही नदी मोकळी ठेवायची असं ठरलं. त्या लढ्यात देवस्थानं हा मुद्दा होता, शेती आणि पाणचक्क्या होत्या, जंगल होतं. आणि एक मुद्दा असाही होता की हे ट्राउटचं राखीव पाणी आहे.

म्हणजे स्कॉटलंडहून आलेला हा मासा, ज्याने गुगलीची जागा घेतली, त्याच्याच नावावर गुगलीची नदी वाचायला मदत झाली. अंडी घालायला गुगलीला वर-खाली मोकळा प्रवास लागतो. धरण झालं असतं तर तो आधी संपला असता.

संध्याकाळी शेकोटीपाशी मी लेकीला एवढंच सांगितलं. तो मासा इथला नव्हता. त्याने नुकसान केलं, ते लपवायचं नाही. पण आता त्याचा जन्म इथला, त्याची पिल्लं इथली, आणि नदीवर संकट आलं तेव्हा तोही कामी आला. आपण दर दोन वर्षांनी नव्या गावात जातो. तिथे आधी कोण राहत होतं, आपण आल्याने कोणाला सरकावं लागलं, हे विचारायचं. आणि जिथे आहोत तिथल्या पाण्याच्या बाजूने उभं राहायचं. त्यापलीकडचं उत्तर मला येत नाही.

"आणि कराड?" तिने विचारलं.

"कराड तुझ्या आजीचं," आई पुढ्यातल्या निखाऱ्यांवरून नजर न काढता म्हणाली. "तुला हवं तेव्हा ये. फॉर्मवर काहीही लिही."

सोमवारी परत निघालो. लारजीच्या जलाशयापाशी गाडी थांबवली. काठावर पाटी आहे, पाणी कधीही सोडलं जाईल, नदीत उतरू नका. जून २०१४ मध्ये थोडं पुढे, थलौटजवळ, हैदराबादहून सहलीला आलेले २४ विद्यार्थी या धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. दोन दिवस मी लेकीला गुडघाभर पाण्यात उभं केलं होतं. वरच्या बाजूला दार उघडणारं कोणी नाही, या एका भरवशावर. घरमालकांच्या 'मिज़ाज'चा अर्थ मला तिथे नीट कळला. मोकळ्या नदीला मिज़ाज असतो आणि तो बघून ओळखता येतो. गढूळपणा, फेस, दगडावरची ओली रेघ. बांधलेल्या नदीचा मिज़ाज दुसरीकडे कुठेतरी, एका खोलीत ठरतो.

तीर्थनला जाणार असाल तर परवाना आधी काढा, गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका म्हणजे मासा इजा न होता सुटतो, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी गावातल्या कोणाला तरी विचारा. दगड उलटलात तर परत तसेच ठेवा, खाली कोणाचं तरी घर असतं.

लेकीच्या वहीत त्या सहलीचं एक पान आहे. माशाचं चित्र, ठिपक्यांना लाल स्केचपेन. खाली तिने शाळेच्या फॉर्मसारखे रकाने आखले आहेत. नाव: ब्राउन ट्राउट. मूळ गाव: स्कॉटलंड. जन्म: तीर्थन. शेजारी: गुगली.

'शेजारी' हा रकाना कुठल्याच शाळेच्या फॉर्मवर नसतो. तो तिने स्वतः वाढवला आहे.